हेळवाडीला न आलेला भूकंप

"भूकंप नेमका कधी आला?" मोडक मॅडमनी विचारलं.

"तुमी म्हन्ता तवाच," सरपंच हिराबाई ढेबे म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा आमाला का जास्त कळतंय?"

"तुम्ही काय करत होतात तेव्हा?"

"भाकरी थापत हुते. तवा हालला."

"आणि हे आजोबा?"

"त्यांचाबी तवाच हालला."

आजोबांनी मान डोलावली. आजोबा सकाळी भाकरी थापत होते का, हे मॅडमनी विचारलं नाही. त्यांनी फक्त "तवा – दोन" असं लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्याच्या खांबाला टेकून बसलो होतो, कारण अख्ख्या हेळवाडीत मोबाइलला रेंज तिथेच येत होती. शाळेसमोरचं अंगण, अंगणात खांब, आणि खांबाच्या चौथऱ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला मी. देशाची सेवा करतोय असं लांबून वाटलं असेल.

भूकंप आला नव्हता हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं, कारण तो आम्हीच बनवला होता.

मी तेव्हा भूकंपमापन केंद्रात मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होतो. आमच्याकडे एक फुकटचा प्रोग्राम होता. फिनलंडच्या कुणा गृहस्थाने तो लिहून जगासाठी उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, उघडून आतला कोड बघावा, सुधारावा. त्याला जमिनीचे थर वरपासून खालपर्यंत सांगायचे. वर लाल माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. प्रत्येकाची जाडी किती आणि त्यातून लाट किती वेगाने पळते. मग सांगायचं, इथे, इतक्या खोल, इतका मोठा धक्का. प्रोग्राम गणित करायचा आणि असा भूकंप आला असता तर यंत्राने जी नागमोडी रेघ काढली असती ती काढून द्यायचा. शेवटच्या थराला जाडी द्यायची नसते. त्याच्याखाली पृथ्वी अशीच असणार, असं धरून चालायचं. दिलासादायक कल्पना आहे. खाली जाऊन कुणी बघितलेलं नाही.

असे खोटे भूकंप आम्ही इशारा देणाऱ्या यंत्रणेला रोज चारायचो, ती जागी आहे ना हे बघायला. प्रत्येक खोट्या रेघेच्या कपाळावर "चाचणी" असा शिक्का असायचा. शिक्का बघून यंत्रणा सगळा हिशेब करायची आणि गप्प बसायची. आदल्या रात्री प्रोग्रामने स्वतःच स्वतःला अपडेट केलं, आणि नव्या आवृत्तीतून त्या गृहस्थाने शिक्का काढून टाकला होता. उगाच अडगळ नको म्हणून. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. मॅडम सकाळपासून ओरडायला माणूस शोधत होत्या. शेवटी घाट चढताना त्या जीपच्या गिअरवर ओरडल्या.

तर सकाळी आमचं बुलेटिन गेलं: मध्यम तीव्रतेचा भूकंप, केंद्रबिंदूचे अक्षांश-रेखांश. टीव्हीवाल्यांनी त्या जागेवर हेळवाडीचं नाव शोधून काढलं आणि खालून पट्टी फिरवली. मी प्रोग्रामच्या पानावर त्या गृहस्थाला कळवलं की तुमच्या नव्या आवृत्तीचा भूकंप आमच्या जिल्ह्यात प्रसिद्ध झाला असून तो लोकांना जाणवला आहे. घाट संपायच्या आत त्याचं उत्तर आलं. "माझ्याकडे असं होत नाही. इनपुट फाइल पाठवा."

लोकांना जाणवला, हीच खरी पंचाईत होती. आमच्या वेबसाइटवर "तुम्हाला भूकंप जाणवला का?" असा फॉर्म होता. बुलेटिननंतर थोड्याच वेळात जवळजवळ सगळी हेळवाडी फॉर्म भरून मोकळी झाली. जाणवला. खूप जाणवला. गुरं ओरडली. आणि नियम असा होता की लोकांना जाणवलेला भूकंप ऑफिसात बसून रद्द करता येत नाही. अधिकाऱ्याने जागेवर जायचं, खात्री करायची आणि तिथूनच रद्द करायचा. हा नियम कोणत्या मूर्खाने केला, असं मी जीपमध्ये बोलून गेलो.

"मी केला," मॅडम म्हणाल्या. त्यानंतर घाटभर आम्ही निसर्ग बघितला.

शाळा म्हणजे एक खोली. पण पोरं खोलीत नव्हती, अंगणातल्या जांभळाखाली बसली होती. झोरे गुरुजींनी फळा झाडाच्या बुंध्याला टेकवला होता आणि पोरं सतराचा पाढा म्हणत होती. भूकंपाची बातमी आल्यावर तालुक्याहून हुकूम आला होता, की पाहणी होईपर्यंत मुलांना इमारतीत बसवू नये.

मॅडमनी वही मिटली. "हिराबाई, एक सांगायचंय. भूकंप आलेला नाही."

"ठावं हाय," हिराबाई म्हणाल्या.

मॅडमनी वही पुन्हा उघडली. मग मीच विचारलं, "आणि तो तवा?"

"तवा हालतोयच की दादा. चूल कुठं सपाट हाय?" त्यांनी पदर खोचला. "हे बघा बाई, गेली कित्येक वर्सं हितं खालनं गुरगुरतंय. भांडी वाजत्यात. पोरं रातीची उठून बसत्यात. दर टायमाला आमी अर्ज करतो. तुमच्याकडनं कागद येतो, 'सदर परिसरात भूकंपाची नोंद नाही.' आला तवा तुमी न्हाई म्हनला. आज आला न्हाई, तर तुमीच म्हन्ता आला. मग आमी कशापाई न्हाई म्हनायचं? घरी आलेल्या लक्षुमीला कुनी परत धाडतं का?"

"अहो पण ते लहान धक्के असतात. आमचं स्टेशन लांब आहे, तिथपर्यंत ते पोचत नाहीत."

"आमच्यापतुर पोचत्यात. या, दावते."

त्यांनी आम्हाला शाळेच्या मागे नेलं. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. तडा म्हणणंही चूक. पलीकडचा फळ्याचा खिळा दिसत होता. मी बोट घातलं, ते आत गेलं. मी ते लगेच काढलं आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

"ही भिंत पडंल," हिराबाई म्हणाल्या. "कवा पडंल ते तुमचं मशिन सांगनार न्हाई आन् माजा देवबी सांगनार न्हाई. तुमच्या भूकंपापायी आज इंजिनेर बघाया येतोय. पयल्यांदा. त्यो येऊन बघूं दे, लिवूं दे. मग काढा तुमचा भूकंप. दुपारपतुर ऱ्हाऊ द्या नुसता."

"नाही हो," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना ते म्हणताना त्रास होत होता हे दिसत होतं. "खोटी नोंद मी एक क्षणही ठेवू शकत नाही."

"सकाळधरनं ठिवलीया की."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "निहार, रद्द कर."

मी खांबापाशी गेलो. रेंज जावी अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. इतकी सुंदर रेंज मला पुण्यातही कधी मिळाली नव्हती. पान एका फटक्यात उघडलं.

झोरे गुरुजी पाढा थांबवून जवळ आले. "सर, भूकंप रद्द झाला की पोरं आत घ्यायची का? म्हणजे, हुकूम भूकंपापुरताच आहे म्हणून विचारतो."

"गुरुजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? उद्या साहेब आले आणि पोरं झाडाखाली दिसली, तर विचारतील कुणाच्या परवानगीने."

मी बटण दाबलं. पानाने विचारलं, "रद्द करण्याचे कारण?" आणि खाली पर्याय दाखवले. ढगांचा गडगडाट. खाणीतील सुरुंग. यंत्रातील बिघाड. जड वाहन. इतर. 

"मॅडम, कारण काय देऊ?"

मॅडम अंगणाच्या मधोमध उभ्या राहून विचार करू लागल्या. मी त्यांना अवघड समीकरणं चालता चालता सोडवताना बघितलं होतं. इथे त्या अडल्या. आणि तेवढ्यात वळणावर मोटारसायकलचा आवाज आला.

शाखा अभियंता बिडकर उतरले, पण हेल्मेट काढलं नाही. भूकंपग्रस्त भागात आहोत म्हणून असेल, किंवा केसांमुळे असेल. त्यांनी हुकमाचा कागद काढला, पेन काढलं, आणि तडक भिंतीच्या मागे गेले. परत आले तेव्हा हिराबाई वाटेतच उभ्या होत्या.

"बघितला का?"

"बघितला. जुना आहे तडा. आत कोळ्याची जाळी आहेत. सकाळी भूकंप आला आणि दुपारी कोळ्याने जाळं केलं, असं होत नाही."

"जुन्या भूकंपांचा हाय त्यो."

"त्यांची नोंद आहे?"

हिराबाईंनी मॅडमकडे बोट केलं. "यांस्नी इचारा."

बिडकरांनी हेल्मेटची काच वर केली. "तुम्ही भूकंपवाल्या का? बरं झालं. मॅडम, आजच्या भूकंपाने हा तडा वाढला असेल, एवढं तुम्ही म्हटलंत तरी मला पुरे आहे. मी लिहितो. मलाही घरी जायचंय."

आता फक्त "हो" म्हणायचं होतं. "असेल" चाललं असतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. आजोबांनी सकाळपासून तेवढंच केलं होतं. मी मॅडमकडे बघत होतो, हिराबाई बघत होत्या, पोरंसुद्धा सतरा नव्वे पाशी थांबली होती.

"आजचा भूकंप आलेलाच नाही," मॅडम म्हणाल्या. "तो आमच्या कॉम्प्युटरवर तयार केलेला होता. चुकून बाहेर गेला."

बिडकरांनी पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. "मग मी इथं काय करतोय?"

"पाहणी करताय."

"नाही. माझ्या हुकमात लिहिलंय, 'भूकंपानंतरची पाहणी.' भूकंप नाही तर नंतर नाही. नंतर नाही तर पाहणी नाही."

हिराबाई बिडकरांवर चिडल्या नाहीत. त्या मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, एक सांगा. खोटा तर खोटा, पर आमच्याच गावात का केला?"

मी झेंड्याच्या दोरीची गाठ बघू लागलो. चांगली गाठ होती. हा प्रश्न कुणी विचारू नये असं मला सकाळपासून वाटत होतं, आणि इतका वेळ झाला तरी कुणी विचारला नव्हता, म्हणून मी जरा सैलही झालो होतो.

"चाचणीसाठी आम्हाला अशी जागा लागते," मॅडम म्हणाल्या, "जिथे कुणी राहत नाही. म्हणजे चुकून काही झालंच, तर कुणी घाबरायला नको. आमच्या नकाशात इथे काही नव्हतं. नुसता डोंगर. मीच निवडली होती ही जागा. पूर्वी."

"पूर्वी म्हंजे?"

"मी नोकरीला लागले तेव्हा."

"आन् किती भूकंप केलं हितं?"

"रोज एखादा."

हिराबाई मॅडमच्या केसांकडे बघत होत्या. ते पांढरे होते. बहुतेक त्या मनात गणित करत होत्या.

"म्हंजे तुमी रोज आमच्या बुडाखाली भूकंप करत हुता. आन् आमी अर्ज केला की लिवत हुता, न्हाई म्हनून."

"हो."

"अर्जावर गावाचं नाव असतंय की वो."

"असतं," मॅडम म्हणाल्या. "ते अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. मी ते नाव नकाशात शोधायचे. सापडायचं नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निहार, लिही. कारण: इतर. आणि पुढे लिही, या ठिकाणी गाव आहे."

मी लिहिलं. पाठवलं. पानावर हिरवी खूण आली. हेळवाडीचा भूकंप संपला. गुरुजींनी पोरांकडे बघितलं आणि हळूच खोलीच्या दाराकडे बघितलं.

मग मी एक निरुपयोगी गोष्ट केली. लॅपटॉप उचलला, चौथऱ्यावर ठेवला आणि बिडकरांना हाक मारली. "साहेब, एक मिनिट." प्रोग्राम उघडला. या गावचे थर घातले. लाल माती जाड, कारण घाटात रस्त्याच्या कडेला मी ती बघितली होती. खाली मुरूम, खाली पाषाण, खाली तो अनंत थर. त्याच्यात सकाळचाच धक्का ठेवला आणि शाळेच्या जागेवर रेघ काय येते ते विचारलं. रेघ आली. आधी बारीक होती. मग मातीच्या थराने ती पकडली आणि अशी काही घुसळली, की पडद्याच्या वर आणि खाली निघून गेली.

"हे काय?" बिडकर म्हणाले.

"सकाळचा भूकंप खरा असता, तर आपण उभे आहोत तिथली जमीन अशी हलली असती."

"म्हणजे हे पण खोटंच?"

"हो."

"छान आहे," ते म्हणाले आणि हातमोजे चढवू लागले.

मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. डॉक्टर एक्स-रे बघतात तशा त्या रेघा बघत. त्या रेघेकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि एकदाही आकडे चुकलेत असं म्हणाल्या नाहीत. एरवी त्या ते नमस्कारासारखं म्हणायच्या.

"सायेब," हिराबाई म्हणाल्या. आवाज एकदम गोड. "लांबनं आलायसा. च्या घेतल्याबिगर कसं जाल? आमच्यात पावनं तसं जात न्हाईत."

"नको हो."

"गावाचा अपमान करता व्हय?"

हेळवाडीत पाहुण्याला उभ्याने आणि दारात चहा देत नाहीत, हे आम्हाला आल्याआल्याच सांगितलं गेलं होतं. त्यांनी कुणाला तरी हाक मारली. चहा आला, पाहुण्यांचा, कपबशीतला. खुर्च्या आल्या. हिराबाईंनी त्या स्वतः उचलून शाळेच्या खोलीत नेल्या, फळ्याच्या खिळ्याखाली, तडा गेलेल्या भिंतीला पाठ लावून नीट मांडल्या आणि पदराने पुसल्या.

"या, बसा. आत निवांत."

बिडकर दारात थांबले. "इथंच बरं आहे. हवा आहे."

"आतबी हवा हाय की. भिंतीतनं येतीया."

"नाही, तसं नाही..."

"मग कसं? भूकंप तर आलाच न्हाई. आत्ताच बाईंनी काढला न्हवं का? पाहनी न्हाई, धोका न्हाई. पोरं रोज बसत्यात तितं, तुमी च्यापुरतं बसा. तुमच्या डोस्क्यावर तर हेल्मेट बी हाय."

पोरं हसली. गुरुजींनी त्यांना दटावलं, पण पुरेसं नाही. बिडकरांनी हातातला कप बघितला, खुर्ची बघितली आणि पाय उंबऱ्याच्या बाहेरच ठेवला.

तेव्हा मॅडम आत गेल्या.

सरळ जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या. पाठ भिंतीला टेकली. कपबशी हातात घेतली. मी "मॅडम" म्हणालो, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी शाळेच्या मागे धावलो. का धावलो ते मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येणार नाही. भिंत धरून ठेवायचा विचार असावा. तड्यातून त्यांच्या साडीचा निळा रंग दिसत होता. भिंतीला हात लावावा की लावू नये, हे ठरवता येईना. मी दोन्ही हात भिंतीपासून वीतभर अंतरावर धरून उभा राहिलो. मग हे भयंकर मूर्खपणाचं आहे असं वाटून पुन्हा पुढे धावलो. लॅपटॉपच्या पडद्यावर ती रेघ अजून वरखाली होती. मी लॅपटॉप मिटला.

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळी पोरं चिडीचूप झाली. जोरात पाढा म्हटला तर भिंत पडेल असं सगळ्यांनाच वाटलं असावं. खालच्या रस्त्याने कुठली तरी मोठी गाडी घरघरत चालली होती. ती जाईपर्यंत कुणी हललं नाही. आढ्यातून थोडी माती मॅडमच्या चहात पडली. त्यांनी ती बोटाने काढली, बोट साडीला पुसलं आणि चहाचा घोट घेतला.

"मॅडम, बाहेर या," बिडकर म्हणाले.

"का?"

"या ना."

"भूकंप आलेला नाही, बिडकर."

"कळलं हो! पण या!"

"कारण सांगा."

"अहो, भिंत पडेल!" बिडकर ओरडले. हेल्मेटमध्ये तो आवाज घुमला.

"हां," हिराबाई म्हणाल्या. "आता हेच लिवा."

बिडकरांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग कप उंबऱ्यावर ठेवून ते मोटारसायकलपाशी गेले, हुकमाचा कागद पालथा केला आणि पेट्रोलच्या टाकीवर ठेवून लिहू लागले. लिहिताना ते तोंडाने बडबडत होते. "भूकंपाविना धोकादायक... वापर तात्काळ बंद... कुलूप... मला मेमो मिळणार... मिळू दे." सही केली, गुरुजींना दिला. गुरुजींनी तो वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नीटसं माहीत नव्हतं, मीही वाजवल्या.

"पोरं आमच्या गोठ्यात बसतील," हिराबाई गुरुजींना सांगत होत्या. "म्हस बाहीर बांधते. तिला कुनाचा हुकूम लागत न्हाई." मग त्या दाराकडे वळल्या. "उठा आता बाई. झालं."

"हो, हो," मॅडम म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. "निहार, जरा हात दे."

मी आत गेलो. जवळ गेल्यावर आवाज ऐकू आला. कप बशीवर बारीक वाजत होता, सारखा, न थांबता. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, समोर अंथरलेल्या, पोरांच्या रिकाम्या बसकरांकडे बघत होत्या. मी वाकून कपबशी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

आवाज थांबला नाही.